एमए लोकप्रशासन ‘आंतरराष्ट्रीय’ करा असं वरून आलंय, खरंच उपयोगाचं काय करता येईल?

खडूफळा:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही म्हणून लिहितेय.

मी राज्यातल्या एका विद्यापीठात लोकप्रशासन शिकवते. पाच वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) काढली, मागच्या वर्षी कायम झाले. आमचा एमए दोन वर्षांचा, यंदा पहिल्या वर्षाला ३४ मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त एमपीएससीची तयारी करतात, दहा-बारा जण रोज एसटीनं ये-जा करतात. आता आयक्यूएसीच्या (विद्यापीठाच्या गुणवत्ता समितीच्या) मीटिंगमध्ये ठरलं की प्रत्येक पीजी विभागानं आंतरराष्ट्रीयीकरणाचा आराखडा महिन्याभरात द्यायचा, आणि आमच्या एचओडी सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. मला ते कागद भरण्यापुरतं करायचं नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

आत्ता आमच्याकडे काय आहे तर तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका विद्यापीठाशी एमओयू (सामंजस्य करार) झाला, सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो कॉरिडॉरमध्ये लावलाय. त्यानंतर मी स्वतः चार मेल टाकले, एकालाही उत्तर नाही. तुलनात्मक लोकप्रशासनाचा पेपर आहे पण त्यात अजून रिग्ज या अमेरिकन अभ्यासकाचं साला मॉडेल (विकसनशील देशांच्या प्रशासनाबद्दलचं) आणि ब्रिटन, फ्रान्स, अमेरिकेचं प्रशासन, तेही नोट्समधनं. आणि दोन परदेशी विद्यार्थी आहेत, एक अफगाणिस्तानचा, एक टांझानियाची, दोघंही आयसीसीआरच्या (भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) स्कॉलरशिपवर.

मागच्या महिन्यात सरपंचावरचा अविश्वास ठराव शिकवत होते. बोलता बोलता मराठीत घसरले, एका मुलानं त्यांच्या गावात ठरावाच्या आधी सदस्यांना आठ दिवस ‘सहलीला’ कसं नेलं होतं ते सांगितलं, सगळा वर्ग हसला, मग त्यावर अर्धा तास इतकी छान चर्चा झाली की काय सांगू. तास संपल्यावर ती टांझानियाची मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली मॅडम, सगळे एकदम का हसले ते मला सांगाल का. पानावर तिनं फक्त तारीख लिहिली होती. अख्ख्या तासाची एक तारीख. मला फार वाईट वाटलं, आणि दुसरीकडे हेही कळत होतं की तोच तास इंग्रजीत घेतला असता तर तो मुलगा तोंडच उघडला नसता.

तर माझे प्रश्न: सुरुवात कुठून करू? सगळं इंग्रजीत करायचं का? जॉइंट डिग्री वगैरे आपल्यासारख्या विभागाला झेपतं का? कुणी असं काही केलंय किंवा बाहेर जाऊन हाच विषय शिकलंय का?

---

फाईल_पुढे_सरकवा:

मॅडम, मी विद्यापीठाच्या प्रशासकीय बाजूला आहे (तुमच्या नाही, दुसऱ्या), त्यामुळे आधी नियमांचं सांगतो, म्हणजे आराखड्यात जे लिहाल ते टिकेल.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम आहेत, त्यात तीन प्रकार आहेत, ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री. ट्विनिंगमध्ये मुलगा आपलाच, डिग्री आपलीच, फक्त एकूण क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप) जास्तीत जास्त ३० टक्के तो बाहेरच्या विद्यापीठात कमावू शकतो. जॉइंटमध्ये दोन्हीकडे किमान ३०-३० टक्के हवेत आणि एकच प्रमाणपत्र दोघांच्या शिक्क्यानं. ड्युअलमध्ये दोन डिग्र्या, पण आपल्याकडचे किमान ३० टक्के हवेतच. पात्रतेसाठी आपल्या बाजूला नॅक या मूल्यांकन संस्थेचा ३.०१ स्कोअर किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या १०० मध्ये नाव किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्सचा दर्जा, आणि समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या कोर्सला हे लागू नाही.

आता हिशोब बघा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपला दोन वर्षांचा पीजी ८८ क्रेडिटचा, सेमिस्टरला २२. ८८ चे ३० टक्के म्हणजे साधारण २६. म्हणजे एक अख्खं सेमिस्टर बाहेर घालवलं तरी ट्विनिंगच्या मर्यादेत बसतं. युरोपात दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० क्रेडिट असतात, सेमिस्टरला ३०. तेव्हा त्यांचे ३० म्हणजे आपले २२ असं एकदा बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये (अभ्यास मंडळात) मंजूर करून घ्या, अॅकॅडमिक कौन्सिलला न्या, मगच कुणाशी बोलणी करा. लोक उलटं करतात, आधी सह्या आणि मग पोरगं परत आल्यावर परीक्षा विभागात फेऱ्या. आमच्याकडे एक मुलगी एक सेमिस्टर बाहेर करून आली, तिकडे चांगले मार्क, आणि इकडे तिला सांगितलं की या विषयांचे कोड आमच्या सिस्टिमला नाहीत. आठ महिने तिची मार्कलिस्ट अडकली होती. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो, रोज येऊन बाकावर बसायची.

दुसरी अडचण कॅलेंडरची. आपलं दुसरं-चौथं सेमिस्टर जानेवारीत सुरू होऊन मेपर्यंत, जर्मनीचं उन्हाळी सेमिस्टर एप्रिलमध्ये सुरू. मधले तीन महिने मुलगा कुठे जाणार? हे आधी कागदावर मांडून बघा.

---

तासगाव_ते_तालिन:

ताई, मी हाच विषय बाहेर शिकून आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पायोनियर नावाचा इरास्मस मुंडस (युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिप योजनेतला) मास्टर्स आहे, सार्वजनिक क्षेत्रातलं इनोव्हेशन आणि ई-गव्हर्नन्स असा विषय. पहिलं सेमिस्टर बेल्जियममधल्या लूवेनला, दुसरं जर्मनीत म्युन्स्टरला, तिसरं एस्टोनियात तालिनला आणि चौथ्यात थिसिस. म्हणजे कोर्सच असा बांधलाय की पूर्ण वर्ग बॅगा घेऊन देश बदलतो. तिथे गेल्यावर मला जे कळलं ते इथे असताना कुणी सांगितलं नव्हतं.

एक म्हणजे आंतरराष्ट्रीय होणं हे वेगवेगळ्या देशांची पोरं एका खोलीत बसवून होत नाही. पहिले दोन महिने आम्ही सगळे एकाच पद्धतीनं बोलायचो, पुस्तकातले शब्द, कुणाचंच काही खरं नाही. मग एका प्राध्यापकांनी असाइनमेंट दिली की तुमच्या गावात जातीचा, रहिवासाचा, जन्माचा, जो असेल तो दाखला कसा मिळतो ते पायरी पायरीनं काढून आणा, किती खिडक्या, किती दिवस, किती कागद. मी सेतू केंद्र, तलाठी, तहसील, आपले सरकार पोर्टल असं सगळं काढलं. वर्गात फळ्यावर लावलं तेव्हा एस्टोनियाच्या मुलीनं विचारलं की सरकारकडे हे कागद आधीच आहेत ना, मग परत तुझ्याकडे का मागतात? त्यांच्याकडे २००१ पासून एक्स-रोड आहे, सगळी खाती त्यावरून एकमेकांची माहिती बघतात, आणि एकदा सरकारला दिलेली माहिती दुसऱ्या खात्यानं परत नागरिकाकडे मागायची नाही हे तिथे तत्त्व म्हणून धरलंय. मला उत्तर देता आलं नाही. पण त्याच तासाला मी आपला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगितला, की कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, तर जर्मन पोरगा दोनदा विचारून खात्री करून घेत होता, खात्याला नाही, माणसाला दंड? त्यावर पुढचे दोन तास गेले. त्या दिवसापासनं मी त्या वर्गात नुसता ऐकणारा राहिलो नाही.

तर माझं म्हणणं, तुमच्या पोरांकडे आधी स्वतःचा माल पाहिजे. स्वतःच्या तहसील कचेरीचं नीट निरीक्षण केलेलं असलं की ते पोरगं जगात कुठल्याही वर्गात बसू शकतं. आणि ते नसेल तर कितीही इंग्रजी येऊ दे, काय बोलणार?

दुसरं भाषेचं. फ्लँडर्समध्ये (बेल्जियमचा डच बोलणारा भाग, लूवेन त्यातच) इंग्रजीत किती कोर्सेस चालवायचे यावर कायद्यानं मर्यादा आहे. म्हणजे इतकं जुनं विद्यापीठ, जगभरातनं मुलं येतात, तरी आपली डच भाषा वर्गातून जाऊ नये म्हणून तिथलं सरकार कायदा करतं. त्यामुळे ‘इंटरनॅशनल म्हणजे सगळं इंग्रजीत’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एखादा-दुसरा पेपर पूर्ण इंग्रजीत करा, बाकीचे राहू द्या.

खर्चाचं पण सांगतो, स्कॉलरशिप नसती तर मी गेलोच नसतो, वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे, तीही कर्जात. म्हणून पाठवणं-आणणं यावर आराखडा उभा करू नका, दरवर्षी एखादाच जाऊ शकेल. जे ३४ इथेच राहणार त्यांचं काय ते आधी बघा.

---

प्रिलिम_दुसऱ्यांदा:

सॉरी मधे बोलते, मी याच विषयात एमए दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या विद्यापीठात. सगळं ऐकायला छान वाटतं पण आमच्या बाजूनं पण बघा ना. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासनं वर्णनात्मक झाली, लोकप्रशासन ऑप्शनल घेतलेले आमच्याकडे खूप आहेत, आम्हाला उत्तरं लिहायचा सराव पाहिजे, तोही मराठीत. घरचे दोन वर्षांची मुदत देतात, मुलींना तर त्याहून कमी. त्यात हे परदेशी ऑनलाइन लेक्चर ठेवलं की हजेरीसाठी आम्हाला बसवतात, सेमिनार हॉलमध्ये स्क्रीनवर कुणीतरी बोलत असतं, आवाज तुटक येतो, प्रश्न विचारायला माईक सरांच्याच हातात. मागच्या वर्षी असं तीनदा झालं, एकदाही मला एक ओळ कळली नाही. राग नाही मॅडम पण आमच्या वेळेचा विचार करा एवढंच.

---

तासगाव_ते_तालिन:

ताई तुमचं बरोबर आहे, आणि मीही तीन प्रिलिम दिल्यात त्यामुळे तो वेळ कसा जातो ते माहितीये. पण एक सांगू, ऑप्शनलच्या पेपरात तुलनात्मक प्रशासनावर प्रश्न येतो तेव्हा सगळे तेच रिग्ज लिहितात. ज्यानं दुसऱ्या देशाच्या पोराबरोबर बसून एकदा खरं काहीतरी ताडून बघितलंय त्याचं उत्तर वेगळं येतं. फक्त ते सेमिनार हॉलमधल्या भाषणातनं नाही होत हे शंभर टक्के मान्य.

---

निवृत्त_बीडीओ:

नमस्कार. मी ३१ वर्षं पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत काढली, गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. टायपिंगच्या चुका पोटात घाला, मोबाईलवर लिहितोय.

खडूफळा मॅडम, तुम्ही बाहेर कुणाशी करार करायचा ते शोधताय, पण बाहेरचे लोक आपल्याकडे काय बघायला यायचे ते मी बघितलंय म्हणून सांगतो. रोजगार हमी. १९६० च्या दशकात वि. स. पागे साहेबांनी तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग करून बघितला (वरच्या तासगावकरांना माहीत असेलच), १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर झाली, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कायदेशीर बंधन, असा कायदा एका राज्यानं केला. आणि पैसा कुठून आणला, तर १९७५ ला व्यवसाय कर लावला. तुमच्या सगळ्यांच्या पगारपत्रकात दर महिन्याला जे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, ते तेच. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामासाठी भरायचा कर. पुढे २००५ ला केंद्राचा कायदा झाला तो यावरूनच. जगातल्या कुठल्याही लोकप्रशासनाच्या वर्गात हे शिकवण्यासारखं आहे आणि आमच्या नात्यातली दोन मुलं लोकप्रशासनात एमए झाली, दोघांनाही व्यवसाय कर कशासाठी आला ते माहीत नव्हतं.

एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकात आफ्रिकेतल्या काही देशांचे अधिकारी प्रशिक्षणासाठी आले होते, त्यांना आमच्या तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर नेलं. साधारण दीडशे मजूर, बायाच जास्त. खोदकामात मधे मधे मातीचे खांब तसेच ठेवतात, कमरेइतके उंच, वर गवत तसंच. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं हे खोदायचं राहिलं का? मी उत्तर देणार तेवढ्यात एक बाई पुढे आली, डोक्यावरची पाटी खाली ठेवली, खांबाच्या वरच्या टोकाला हात लावला आणि म्हणाली, जमीन हितं होती. मग खाली वाकून खड्ड्याच्या तळाला हात लावला, आता हितं हाय. मधलं आमचं. म्हणजे तेवढ्या मापाची मजुरी आमची, कुणी मोजमापात खोटं लिहू नये म्हणून तो खांब. मी इंग्रजीत सांगितलं. त्या अधिकाऱ्यानं डायरी काढली आणि खांबाचं चित्र काढून घेतलं, बाजूला बाणानं जमीन कुठे, तळ कुठे ते लिहिलं. संध्याकाळी चहाला त्यानं मला सांगितलं की आमच्याकडे उत्तरदायित्वावर खूप कार्यशाळा होतात, पण असं डोळ्यांना दिसणारं मी पहिल्यांदा बघितलं.

तेव्हा माझी सूचना अशी, तुमची ती टांझानियाची मुलगी आणि तो अफगाण मुलगा, त्यांना ग्रामसभेला घेऊन जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना असतेच. बरोबर वर्गातली दोन-दोन मुलं द्या भाषांतराला. ज्या मुलाला वर्गात इंग्रजी बोलायची भीती वाटते तोच मुलगा तिथे घरकुलाच्या यादीवर का भांडण चाललंय हे समजावून सांगताना कसा बोलतो बघा, शब्द अडेल, हातानं सांगेल, पण सांगेल. कारण तिथे जाणकार तो आहे.

---

खडूफळा:

सर, तुमचा तो खांबाचा प्रसंग मी उद्याच वर्गात सांगणार आहे. आणि व्यवसाय कराचं मलाही इतकं नीट माहीत नव्हतं, खरं सांगते.

@प्रिलिम_दुसऱ्यांदा तू सॉरी म्हणू नकोस, माझ्या वर्गातल्या मुली पण हेच सांगतात पण मला तोंडावर नाही सांगत. तू लिहिलंस म्हणून बरं झालं.

अजून एक विचारते, कुणाबरोबर करायचं? युरोपातल्या विद्यापीठांना आपल्यात काय रस असणार असं मनात येतं, मेलला उत्तर नाही आलं की माणूस खचतो.

---

दरबार_मार्ग:

मी मूळ सोलापूरचा, सहा वर्षं काठमांडूत एका संस्थेत स्थानिक प्रशासनावर काम केलं, आता परत आलोय. मॅडम, युरोप नंतर बघा, नेपाळ बघा.

कारण सांगतो. नेपाळनं २०१५ ला नवीन घटना आणली, २०१७ ला स्थानिक निवडणुका झाल्या, आणि एका झटक्यात ७५३ पालिका उभ्या राहिल्या, सात प्रांत. आपल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत पण ते पंचायतींना किती द्यायचे हे राज्यावर सोडलंय. नेपाळमध्ये स्थानिक सरकारचे अधिकार घटनेच्या अनुसूची ८ मध्ये सरळ लिहून दिलेत, आणि पालिका स्वतःचे कायदे करते. मी एका डोंगरातल्या पालिकेत बसलेलो असताना तिथला अध्यक्ष, वय ३२, समोर मुलांच्या वहीसारख्या वहीत शिक्षणाच्या कायद्याचा मसुदा करत होता, बाजूला एकच कर्मचारी आणि तोही उसनवारीवर आलेला. अधिकार आहेत आणि माणसं नाहीत. आपल्याकडे जिल्हा परिषदेत माणसं आहेत, १९६२ पासूनचा अनुभव आहे, आणि अधिकार हळूहळू काढून घेतले गेलेत. हे दोन वर्ग समोरासमोर बसवले तर काय चर्चा होईल विचार करा.

महिला प्रतिनिधित्वाचं पण. आपल्याकडे स्थानिक संस्थांत २०११ पासून ५० टक्के आरक्षण, फिरतं. तिकडे प्रत्येक वडात (म्हणजे वॉर्डात) चार सदस्यांपैकी दोन महिला आणि त्यातली एक दलित महिला हवीच, आणि पक्षानं प्रमुख-उपप्रमुख दोन्ही उमेदवार दिले तर त्यात एक महिला. पण तिकडे उपप्रमुखपदावरच बायका जास्त अडकल्यात. आपल्याकडच्या मुली यावर बोलतील, तिकडच्या बोलतील, आणि दोघींना एकमेकींचं कळेल, कारण परिस्थिती ओळखीची आहे.

आणि लिपी! देवनागरी. तिकडची पालिकेची नोटीस तुमचा मुलगा वाचू शकतो, वडा, करार, सिफारिस असे अर्धे शब्द ओळखीचे निघतात. हिंदी तिकडच्या बऱ्याच मुलांना समजतं. वेळेचा फरक १५ मिनिटं. एवढं सोपं शेजारी असताना आपण साता समुद्रापलीकडे मेल पाठवत बसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

फाईल_पुढे_सरकवा:

दरबार मार्ग साहेबांची कल्पना चांगली आहे, फक्त ट्विनिंग करायचं तर वर सांगितलेली पहिल्या १००० ची अट बघावी लागेल. पण त्याची गरजच नाही. परदेशात कॉईल म्हणून पद्धत आहे, न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठात ती रुजली. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या पेपरातला सहा-आठ आठवड्यांचा भाग एकत्र शिकवतात, मुलांचे मिश्र गट करतात, एकच प्रकल्प देतात, आणि क्रेडिट मात्र ज्याचं तो आपल्या विद्यापीठात देतो. डिग्री एकत्र नाही, त्यामुळे यूजीसीच्या त्या अटी इथे येत नाहीत. तुमच्या तुलनात्मक लोकप्रशासनाच्या पेपरात अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क आहेतच, ते यावर ठेवा. बोर्ड ऑफ स्टडीजच्या एका ठरावात होतं.

आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आहे ना, ते पंचायत समितीत किंवा नगरपालिकेत करा. तिथे मुलं जे टिपतील तेच प्रकल्पाला वापरा. म्हणजे त्या एमपीएससीवाल्या ताईंचा वेळ पण जास्तीचा जाणार नाही, जे करायचंच आहे त्यातच बसेल.

हो, परदेशी मुलांचं एक विसरू नका, आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी आणि हॉस्टेलनं त्यांची माहिती कळवायचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म). विभागात एक माणूस या कामाला नेमून द्या, नाहीतर ती पोरं एकटी सरकारी ऑफिसात फिरत बसतात, भाषा येत नाही आणि चूक त्यांची धरली जाते.

---

रोप्पोंगी_११:

थोडक्यात लिहितो. मी तोक्योच्या ग्रिप्समध्ये (सार्वजनिक धोरण शिकवणारं विद्यापीठ) एक वर्षाचा कोर्स केलाय, ही संस्था १९९७ ची, विद्यार्थी बहुतेक परदेशी आणि त्यातले बरेच आपापल्या देशातले नोकरीत असलेले अधिकारी. तिथे मला सगळ्यात उपयोगी पडले ते बरोबरचे लोक. शेजारी इंडोनेशियाचा जिल्ह्याच्या नियोजनातला माणूस, मागे फिलिपिन्सची महसुलातली बाई. दुपारच्या जेवणात जेवढं शिकलो तेवढं काही पेपरांत नाही शिकलो. त्यामुळे मॅडम, तुमच्या वर्गात नोकरीतली माणसं आणा, ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, नगरपालिकेतले. दोन्ही बाजूंनी. नेपाळच्या पालिकेतला एक कर्मचारी आणि इथला एक ग्रामसेवक तासभर एकमेकांशी बोलले तर मुलांना पुस्तक लागणार नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. इंग्रजीला इतकंही मागे ठेवू नका. ग्रिप्समध्ये पहिले तीन महिने मी वर्गात गप्प बसायचो, येत असून. कारण एमएला असताना एकदाही पाच मिनिटं उभं राहून इंग्रजीत बोललो नव्हतो. ते दिवस परत नकोत. मुलांना सवय लावा, चुकू द्या, पण लावा.

---

प्रिलिम_दुसऱ्यांदा:

हे ग्रामसेवकवालं मला आवडलं. आणि ओजेटीमधनंच प्रकल्प होणार असेल तर आम्ही करू. माझी आत्या उपसरपंच आहे, तिच्याकडनं मी कितीतरी सांगू शकेन, मला कधी वाटलंच नव्हतं की ते अभ्यासाचं आहे.

---

खडूफळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हाच धागा वाचतेय.

काल एचओडी सरांशी बोलले. जॉइंट डिग्री आराखड्यातनं काढली, सरांना थोडं लागलं पण क्रेडिटचा हिशोब दाखवल्यावर पटलं. पहिल्या वर्षी एवढंच लिहितोय: तुलनात्मक लोकप्रशासनात आठ आठवडे नेपाळच्या एका विभागाबरोबर, विषय ग्रामपंचायत आणि गाउँपालिकेचं (तिकडची ग्रामीण पालिका) बजेट कसं बनतं. आमची मुलं ओजेटीतनं आपल्या गावाचं बजेट काढणार, त्यांची त्यांच्या वडाचं. बोलणं हिंदी-इंग्रजी-मराठी जसं जमेल तसं, पण शेवटची मांडणी प्रत्येकानं पाच मिनिटं इंग्रजीत (रोप्पोंगी सर, हे तुमच्यामुळे). ३० क्रेडिट म्हणजे २२ हा ठराव आत्ताच बोर्डापुढे ठेवतोय, उद्या एखादं मूल गेलंच तर त्याची मार्कलिस्ट अडकायला नको.

आणि येत्या ग्रामसभेला आम्ही नऊ जण जातोय. ‘सहली’ची गोष्ट सांगणारा जो मुलगा होता त्याचंच गाव. तो स्वतःहून म्हणाला की तिच्या शेजारी मी बसतो, मी सांगतो तिला सगळं. काल लायब्ररीत दोघं बसले होते, तो ‘तहकूब’चा अर्थ समजावत होता आणि ती वहीत देवनागरीत ‘तहकूब’ लिहायचा प्रयत्न करत होती.

दरबार मार्ग दादा, तिकडे कुणाशी बोलू तेवढं सांगाल का? म्हणजे विभाग म्हणून नाही, एखादे शिक्षक, ज्यांना खरंच शिकवण्यात रस आहे.

---

दरबार_मार्ग:

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय मॅडम. दोघे आहेत, दोघेही फोन उचलतात. दशैंच्या सुट्टीच्या आधी बोला, नंतर तिहार येतो आणि मग महिनाभर कुणी भेटत नाही.

---

निवृत्त_बीडीओ:

ग्रामसभेला जाताना आधी ग्रामसेवकाकडून मागच्या सभेचं इतिवृत्त मागून घ्या आणि मुलांना वाचायला द्या. कुठले ठराव पुढे सरकले नाहीत ते त्यात दिसतं, तिथूनच मुलांना प्रश्न सुचतील. आणि कोरम (गणपूर्ती) बघा, पहिल्यांदा तहकूब झाली तर थांबा, निघून येऊ नका.